दीड मिलिमीटरची डायल: मॉडेल विमानाच्या कॉकपिटमध्ये डेकल कसं बसवायचं

1/48 स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं, स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान बनवायला घेतलं की पहिल्याच टप्प्यात इन्स्ट्रुमेंट पॅनल हातात येतं. आकाराने ते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं असतं, आणि त्यावर गोल गोल खळग्यांची दाटी. खऱ्या विमानातल्या मोठ्या यंत्रांची तबकडी सुमारे 80 मिलिमीटर व्यासाची होती. हिशेब केला तर 1/32 मध्ये ती अडीच मिलिमीटर होते, 1/48 मध्ये साधारण 1.7 आणि 1/72 मध्ये 1.1 मिलिमीटर. एवढ्याशा वर्तुळात, म्हणजे डायलवर, आकडे, रेघा आणि काटा छापलेला असतो. ही छपाई डेकलवर असते, म्हणजे कागदावरच्या पातळ पारदर्शक फिल्मवर, जी पाण्याने कागदापासून सुटते. ती डायल आपल्याला खळग्याच्या बरोबर मधोमध, सरळ आणि सपाट बसवायची असते.

नवीन माणसाला वाटतं की हे काम डोळ्यांचं आणि न थरथरणाऱ्या हाताचं आहे. डोळे आणि हात लागतातच, पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. डायलच्या छपाईभोवती पारदर्शक फिल्मची एक कड उरलेली असते. खळगा दीड मिलिमीटरचा आणि फिल्म दोन मिलिमीटरची असली की ती तळाला टेकतच नाही. कडांवर तंबूसारखी ताणून बसते, खाली हवा अडकते आणि वाळल्यावर डायल चंदेरी, धुरकट दिसते. मग कितीही महागडं द्रावण घाला, उपयोग होत नाही. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा मोजण्यावर आणि कापण्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी पॅनल वाचायला शिका

ब्रश हातात घेण्याआधी तुमच्या विमानाच्या कॉकपिटचा एक चांगला फोटो समोर ठेवा. संग्रहालयातल्या किंवा आज उडणाऱ्या विमानाचा फोटो असेल तर जरा सावध राहा, कारण त्यात नंतरच्या काळातला रेडिओ किंवा बदललेली यंत्रं असू शकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांसाठी एअर मिनिस्ट्रीने, म्हणजे तिथल्या हवाई मंत्रालयाने, वैमानिकांकरता ज्या पुस्तिका काढल्या होत्या, त्यांत पॅनलवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमांक दिलेला असतो. त्यांच्या प्रती सहज मिळतात आणि किटच्या सूचनापत्रापेक्षा त्या कितीतरी भरवशाच्या आहेत.

स्पिटफायरच्या पॅनलच्या मधोमध एक चौकोनी फळी दिसते, तिच्यावर सहा यंत्रं. ढगात किंवा अंधारात बाहेरचं काहीही न पाहता विमान उडवण्यासाठी ही सहा यंत्रं एकत्र बसवलेली होती, आणि त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश विमानांत त्यांची मांडणी सारखीच असे. वरच्या ओळीत डावीकडून वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र. खालच्या ओळीत उंचीमापक म्हणजे अल्टिमीटर, दिशादर्शक जायरो आणि वळण व घसरण दाखवणारं यंत्र. हा क्रम एकदा डोक्यात बसला की हरिकेन करा, लँकेस्टर करा, ओळख पटतेच. इंजिनाच्या फेऱ्या, बूस्ट म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, तेलाचा दाब, तापमान हे सगळं उजवीकडच्या भागात येतं. होकायंत्र मात्र पॅनलवर नसतं. ते खाली, वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, तोंड वर करून बसवलेलं असतं. त्याचं वेगळं डेकल असेल तर ते पॅनलवर लावून टाकू नका.

प्रत्येक डायलची वरची बाजू कुठली, हेही आत्ताच ठरवून घ्या. अल्टिमीटरचं शून्य वर असतं. कृत्रिम क्षितिजाची रेघ आडवीच हवी, कारण ती पाच अंशांनी कलली तरी उघड्या डोळ्याला खटकते. वळण-घसरणीच्या यंत्रात दोन काटे असतात, एक वरच्या अर्ध्यात आणि एक खालच्या. त्यामुळे ही डायल उलटी लागली तरी पटकन कळत नाही. कागदावर पॅनलचं मोठं चित्र काढा, प्रत्येक वर्तुळात यंत्राचं नाव लिहा आणि वरच्या बाजूला बाण करा. पुढे डेकल ओलं झाल्यावर फोटो शोधत बसायला वेळ नसतो.

कुठली पद्धत घ्यायची

किटमध्ये साधारणपणे अख्ख्या पॅनलचं एकच डेकल येतं. प्लास्टिकचं पॅनल सपाट असेल तर ते तसंच लावा, प्रश्न मिटला. पॅनलवर उभारलेल्या कडा आणि बटणं असतील तर मात्र अख्खं डेकल त्यावर ओढून बसवणं अवघड जातं. 1/72 मध्ये, कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बंद ठेवणार असाल तर, तेही चालतं: चांगलं सॉफ्टनर, म्हणजे फिल्म मऊ करणारं द्रावण, दोन-तीनदा लावलं की बऱ्यापैकी बसतं आणि काचेआडून सुरेख दिसतं. 1/48 मध्ये मी नवीन माणसालाही सुट्या डायलच लावायला सांगेन. 1/32 मध्ये तर दुसरा पर्यायच नाही.

सुट्या डायल दोन ठिकाणांहून मिळतात. एक, किटचं अख्खं डेकल कापून त्यातली वर्तुळं वेगळी काढायची. दोन, फक्त यंत्रांच्या डेकलची तयार शीट घ्यायची. इंग्लंडच्या एअरस्केलच्या आणि कॅनडातल्या माइक ग्रँटच्या शीट या कामासाठी नावाजलेल्या आहेत. त्यांवर एकच यंत्र वेगवेगळ्या मापांत छापलेलं असतं आणि छपाई इतकी बारीक असते की भिंगाखाली आकडे वाचता येतात. एक शीट कितीतरी मॉडेलना पुरते, त्यामुळे परदेशातून मागवायचा खर्च पहिल्यांदा जास्त वाटला तरी पुढे अंगावर येत नाही.

पोलंडच्या याहू किंवा चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीची रंगवून तयार धातूची पॅनलंही मिळतात. ती सुंदर असतात. पण डेकल बसवण्याचं कसब पुढे विमानाच्या अंगावरच्या खुणांनाही कामी येतं, म्हणून निदान पहिली एक-दोन पॅनलं हाताने करावीत असं माझं ठाम मत आहे.

लागणारं सामान

टोकदार चिमटा हवा, शक्यतो पुढचा भाग सपाट असलेला. खरखरीत दात असलेल्या चिमट्याने फिल्म फाटते. 00 किंवा 000 नंबरचा ब्रश हवा, आणि त्याचं टोक शाबूत असलेला. पेननाइफचं नवं कोरं 11 नंबरचं पातं, टूथपिक, इअरबड, टिश्यू पेपर, दुहेरी टेप आणि आइस्क्रीमची काडी घ्या. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ती लूप किंवा डोक्याला बांधायचं भिंग असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. दिवा समोरून नको, डाव्या-उजव्या बाजूने तिरका यायला हवा, म्हणजे फिल्मची कड चमकते आणि दिसते.

पाणी नळाचं नको. बोअरचं तर मुळीच नको, कारण वाळल्यावर त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काळ्या पॅनलवर ठळक उठून दिसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी दुकानात मिळतं, तेच वापरा. एक कॅन कित्येक महिने पुरतो.

द्रावणं दोन प्रकारची लागतात. पहिलं सेटर, म्हणजे पृष्ठभाग ओला करून डेकलला नीट धरायला मदत करणारं. दुसरं सॉफ्टनर, म्हणजे फिल्म मऊ करून तिला खळग्याच्या आकारात बसवणारं. मायक्रोस्केल कंपनीचं निळ्या लेबलचं मायक्रो सेट आणि लाल लेबलचं मायक्रो सोल ही जोडी नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित. मिस्टर हॉबीचं मार्क सॉफ्टर त्याहून कडक आहे, आणि तमिया मार्क फिट साधं, स्ट्राँग आणि सुपर स्ट्राँग अशा तीन प्रकारांत येतं. कडक द्रावणाने पातळ फिल्म विरघळूही शकते. तेव्हा कुठलंही द्रावण आधी शीटवरच्या नको असलेल्या तुकड्यावर वापरून बघा. सेटर मिळालं नाही तर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरलं तरी थोडंफार काम होतं. मायक्रो सेटच्या बाटलीलाही व्हिनेगरचाच वास येतो. सॉफ्टनरला मात्र घरगुती पर्याय शोधू नका.

आणि पंखा. डेकलचं काम सुरू करण्याआधी छताचा पंखा बंद करा. दीड मिलिमीटरची डायल टेबलावरून उडाली की फरशीवर ती सापडत नाही.

पॅनल तयार करणं

सर्वांत आधी, काहीही रंगवण्याआधी, पॅनल फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन अर्धुकांत गोंद न लावता कोरडं बसवून पाहा. कडा घासायच्या असतील तर त्या आत्ता घासा. डेकल लावल्यावर पॅनलला पॉलिशपेपर लावायची वेळ येऊ नये.

मग पॅनल दुहेरी टेपने आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवा आणि यापुढे हात फक्त काडीला लावा. प्रायमर मारा, नंतर काळा रंग. अगदी गडद शुद्ध काळा घेऊ नका. एवढ्याशा वस्तूवर तो भोकासारखा दिसतो आणि उभारलेलं काम त्यात बुडून जातं. तमियाचा रबर ब्लॅक किंवा नाटो ब्लॅक असा किंचित राखाडी काळा बरा. रंग वाळला की सपाट ब्रशवर मध्यम राखाडी रंग घेऊन तो टिश्यूवर जवळजवळ पूर्ण पुसून टाका, आणि मग ब्रश पॅनलवरून हलकेच फिरवा. फक्त उभारलेल्या कडांना रंग लागेल आणि प्रत्येक खळग्याची गोल कड, म्हणजे बेझल, स्पष्ट दिसू लागेल. हे डेकलच्या आधीच करायचं. नंतर केलं तर राखाडी रंग डायलच्या तोंडावर येतो.

इथे डेकलकडे एकदा बारकाईने पाहा. शीट उजेडात तिरकी धरा. काही डेकलवर डायलची काळी जमीन छापलेली असते आणि तिच्यावर पांढरे आकडे. काहींवर नुसते पांढरे आकडे पारदर्शक फिल्मवर असतात. दुसऱ्या प्रकारात खळग्याचा तळ नीट काळा रंगवलेला असणं अत्यावश्यक आहे, कारण तोच डायलचा रंग ठरणार.

आता प्रत्येक खळग्यात चकचकीत क्लिअर व्हार्निशचा एक छोटा थर द्या. तमिया एक्स-22 किंवा कुठलंही चांगलं ॲक्रिलिक ग्लॉस चालेल. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्या खाचखळग्यांत हवा अडकते आणि चंदेरीपणाची सुरुवात तिथूनच होते. थर दिल्यावर पूर्ण एक दिवस थांबा. पावसाळ्यात दोन दिवस. हाताला कोरडं लागलं तरी आतून कच्चं असलेलं व्हार्निश सॉफ्टनरने सुरकुततं, आणि मग खालचा रंगही सोडून येतो.

मोजणं आणि कापणं

खळग्याचं आतलं माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपरची टोकं आत जात नाहीत. त्यापेक्षा बारीक ड्रिल बिटचा संच काढा आणि बिटची मागची गुळगुळीत बाजू खळग्यात उभी टेकवून पाहा. 1.5 मिलिमीटरचा बिट सैलसर बसतो आणि 1.6 चा अडतो, म्हणजे खळगा साधारण दीड मिलिमीटरचा. डेकल त्याहून किंचित लहान घ्या, 1.4 च्या आसपास. कडेला केसभर काळी जागा राहिली तर ती सावलीसारखी दिसते. उलट डेकल केसभर मोठं झालं तर ते कधीच बसत नाही.

सर्वांत सुबक कापणी होते ती पंच अँड डाय सेटने. यात दोन जाड पट्ट्यांमध्ये डेकलचा कागद सरकवतात आणि पोलादी दांडा भोकातून ठोकतात. वरची पट्टी पारदर्शक असलेला सेट घ्या, म्हणजे डायल भोकाच्या मधोमध आली की नाही ते दिसतं. डेकल कागदासकटच पंच करायचं. दांडा सरळ उभा धरा आणि छोट्या हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. दोन-तीन हलके ठोके दिले तर कड चुरगळते. सेट महाग असतो हे खरं. 1/32 चं मॉडेल असेल तर चामड्याला भोकं पाडायच्या पंचावरही भागतं, पण त्याचं सर्वांत लहान तोंड सहसा 2 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे 1/48 ला त्याचा उपयोग नाही.

पंच नसेल तर पात्याने कापा. डायलभोवती आधी चौकोन, मग चारही कोपरे छाटून अष्टकोन. पातं ओढायचं नाही, वरून सरळ दाबायचं. ओढलं की फिल्म पात्याबरोबर सरकते आणि छपाईला तडा जातो. या मापावर अष्टकोन आणि वर्तुळ यांतला फरक खळग्यात उतरल्यावर दिसत नाही.

जुनी शीट असेल तर कापताना कडांना फिल्मच्या कपच्या उडतात. अशा शीटवर आधी मायक्रोस्केलचं लिक्विड डेकल फिल्म किंवा ग्लॉस व्हार्निशचा पातळ थर द्या, वाळू द्या, मग कापा. फिल्म पिवळी पडली असेल तर शीट उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ठेवा. पिवळेपणा बऱ्यापैकी जातो. काळ्या पॅनलवर तो फारसा दिसत नाही, पण मिग-21 सारखं विमान करत असाल तर याकडे दुर्लक्ष करू नका. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याखाली बनलेल्या मिग-21 च्या कॉकपिटचा तो ओळखीचा हिरवट-निळा रंग फिल्मची प्रत्येक जादा कड उघडी पाडतो. त्या पॅनलवर डायल छपाईच्या अगदी काठावरून कापा. पॅनलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघही असते. विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागलं तर वैमानिकाने विमान वळवायची दांडी मधोमध आणावी, म्हणून ती खूण आहे. ती सगळ्या डायल बसल्यावर शेवटी लावा किंवा रंगवा.

बसवणं

कापलेल्या डायल वाटीभर पाण्यात टाकायच्या नाहीत. बुडाल्या की त्यांचा कागद सुटतो, फिल्म गुंडाळते आणि गोंद धुऊन जातो. एका छोट्या ताटलीत टिश्यूची घडी ओली करून ठेवा आणि एका वेळी एकच डायल, तोंड वर करून, तिच्यावर ठेवा. पाणी खालून कागदात शोषलं जाईल. काळी डायल पांढऱ्या ताटलीत ठेवली की सरकली तरी दिसते. साधारण मिनिटभराने ब्रशच्या टोकाने हळूच ढकलून पाहा. कागदावरून ती किंचित हलली की तयार झाली. हलली नाही तर थांबा, जोर करू नका.

ती वाट पाहत असताना खळग्यात सेटरचा बारीकसा थेंब सोडा. किती? टूथपिक बुडवून टोकाला जेवढं येतं तेवढंच. जास्त झालं तर डायल त्यावर होडीसारखी तरंगते आणि फिरत राहते. कमी झालं तर टेकल्या जागी धरून बसते आणि सरळ करता येत नाही.

आता ब्रश पाण्यात बुडवून टिश्यूवर टेका, म्हणजे तो ओलसर राहील पण थेंब लोंबणार नाही. टोक डायलच्या कडेला लावा. ओलाव्याने ती ब्रशला चिकटून कागदावरून अलगद निघते. खळग्याच्या वर नेऊन टोक सेटरला टेकवा, की डायल ब्रश सोडून द्रवावर उतरते. चिमट्यापेक्षा ही रीत कितीतरी बरी, कारण चिमट्याच्या दोन्ही पात्यांना ओलाव्याने डायल चिकटते आणि सोडता सोडत नाही. टूथपिकचं टोक जिभेवर ओलं करून त्याने उचलणारेही आहेत. तेही जमतं.

डायल उलटी पडली, म्हणजे तोंड खाली, तर तशीच सरळ करायचा प्रयत्न खळग्यात करू नका. ब्रशने परत उचला, ताटलीतल्या पाण्याच्या थेंबात सोडा, तिथे उलथवा आणि पुन्हा आणा.

मग मध्य साधायचा आणि फिरवायचं. शिवणाची बारीक सुई काडीत खोचून घ्या किंवा पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल बिट धरायच्या हातातल्या दांड्यात, पकडा. सुईचं टोक डायलच्या मधोमध लावू नका, छपाईला भोक पडेल. कडेला टेकवा आणि वर्तुळाच्या दिशेने अगदी हलकं ढकला. मघाशी काढलेल्या चित्रातला बाण बघा, शून्य वर आणा. सरळ झाली का हे ठरवायला डोळ्यांपेक्षा फोन चांगला: पॅनलच्या बरोबर वरून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. जो कल भिंगातूनही लक्षात आला नव्हता तो पडद्यावर लगेच दिसतो. द्रव ओला आहे तोवर दुरुस्ती करता येते, म्हणून हा फोटो लगेच काढायचा.

जागेवर आली की टिश्यूचा कोपरा पिळून टोकदार करा आणि खळग्याच्या कडेला टेकवा. पाणी शोषलं जाऊन डायल आपोआप खाली बसते. टिश्यू डायलच्या तोंडावर टेकवलात तर डायलच त्याला चिकटून वर येईल. शेवटी किंचित ओलसर ब्रश वरून सरळ खाली एकदा दाबा. आडवा फिरवू नका.

सगळ्या डायल एका बैठकीत लावायचा हट्ट नको. मी मधल्या सहा आधी लावतो, कारण नजर तिथेच जाते आणि त्यांच्या रेघेत बाकीच्या जुळवता येतात. त्या वाळल्या की मग कडेच्या. शेजारशेजारच्या दोन डायल लागोपाठ लावल्या की एकीचं पाणी दुसरीखाली शिरतं आणि सरळ झालेली डायल पुन्हा फिरते.

सॉफ्टनर आणि संयम

डायल बसून तासभर झाला की सॉफ्टनरचा एक बारीक थेंब तिच्यावर सोडा आणि पॅनल आडवं ठेवून बाजूला व्हा. काही मिनिटांत फिल्म सुरकुतेल. अगदी खराब दिसेल. नवीन माणूस इथेच घाबरून ब्रशने ती सरळ करायला जातो आणि मऊ झालेली छपाई चिखलासारखी पसरते. त्या अवस्थेत फुंकरसुद्धा घालू नका. वाळत आली की सुरकुत्या स्वतःच ओढल्या जातात आणि फिल्म तळाला घट्ट बसते. पूर्ण वाळल्यावर तिरक्या उजेडात बघा. अजून कुठे चंदेरी दिसत असेल तर त्या जागी सुईने एक टोचा मारा आणि पुन्हा थेंब द्या. तीन वेळा द्यावं लागलं तरी हरकत नाही, फक्त प्रत्येक वेळी मध्ये पूर्ण वाळू द्या.

तीनदा करूनही बसली नाही, तर फिल्म मोठी कापली गेली आहे. ती काढून टाका. डायलवर सेलोटेपचा तुकडा दाबून उचललात तर सहसा येते. खळगा ओल्या इअरबडने पुसा, ग्लॉसचा थेंब द्या आणि नवी डायल किंचित लहान कापून लावा. शीटवर एकेक डायल एकापेक्षा जास्त वेळा छापलेली असते ती यासाठीच.

सॉफ्टनरचं काम झालं की ओलसर ब्रशने पॅनल एकदा टिपून घ्या. डायलभोवती वाळलेला गोंद तपकिरी कड्यासारखा दिसतो आणि वर व्हार्निश चढलं की तो कायमचा राहतो.

काच

आता संपूर्ण पॅनलवर मॅट व्हार्निश मारा, डायलसकट. सगळं एकसारखं निर्जीव दिसेल. ते पूर्ण वाळलं की टूथपिकच्या टोकावर ग्लॉस क्लिअर घ्या आणि प्रत्येक डायलच्या मधोमध एक थेंब सोडा. तो स्वतः पसरून कडेपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. मॅट पॅनल आणि ओल्या काचेसारख्या चमकणाऱ्या डायल यांच्या फरकातच सगळी जान आहे. मला या छंदात सर्वांत आवडणारा क्षण हाच. थेंब जास्त झाला तर फुगून भिंगासारखा गोल होतो किंवा शेजारच्या बेझलवर ओघळतो. थोडं कमी घेऊन वाळल्यावर दुसरा थेंब देणं केव्हाही चांगलं. 1/32 मध्ये खळगे खोल असतात. तिथे मायक्रोस्केलचं क्रिस्टल क्लिअर भरा. लावताना ते दुधासारखं पांढरं दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. अतिनील दिव्याखाली कडक होणारं यूव्ही रेझिनही वापरतात, पण त्यात बुडबुडा राहिला तर तो डायलच्या बरोबर मधोमध कडक होऊन बसतो. दिवा लावायच्या आधी भिंगातून तपासा.

एक शब्द थ्रीडी डेकलबद्दल. क्विंटा स्टुडिओसारख्या कंपन्या आता उभारलेल्या छपाईचं अख्खं पॅनलच डेकल म्हणून देतात, बेझल, बटणं, काच सगळ्यांसकट. पाण्यातून काढायची रीत तीच, पण ही जाड असल्याने सॉफ्टनरचा त्यांवर उपयोग होत नाही आणि नुसत्या गोंदावर त्या टिकत नाहीत. किटच्या पॅनलवरचं उभारलेलं काम घासून सपाट करायचं आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर ती बसवायची.

विमानात बसवताना

पॅनल काडीवरून काढताना वर खेचू नका. टेपखाली पातळ पातं सरकवून सोडवा. फ्युजलाजमध्ये चिकटवायला सुपरग्लू वापरू नका, कारण त्याची वाफ बंद जागेत साठून चकचकीत डायलवर पांढरट साय धरते. पॅनलच्या मागच्या बाजूने पातळ प्लास्टिक सिमेंट ब्रशने सोडा, किंवा रंगवलेल्या पृष्ठभागांना जोडायचं असेल तर फेव्हिकॉल पुरतो. विंडस्क्रीन चिकटवेपर्यंत पॅनलवर ओल्या मास्किंग फ्लुइडऐवजी टिश्यूचा कोरडा तुकडा सैलसर खोचून ठेवा. फ्युजलाजचा सांधा घासताना उडणारी प्लास्टिकची भुकटी डायलच्या काचेवर बसली की ती ब्रशने पूर्ण निघत नाही.

उरलेली शीट दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून झिपच्या पिशवीत टाका आणि सोबत सिलिका जेलची पुडी. दोन शीट एकमेकींवर तोंडाला तोंड लावून ठेवू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोंद पाणी धरतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. पिशवीवर मॉडेलचं नाव आणि त्यातल्या कुठल्या डायल वापरल्या ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या स्पिटफायरच्या वेळी अल्टिमीटर शोधत अख्खी शीट भिंगाखाली घालावी लागणार नाही.